साठ युनिट

बेदरोसियन बाईंनी वापरलेल्या पाकिटाच्या पाठीवर
चार आकडे लिहिले: बारा, वीस, वीस, आठ.
खाली रेघ मारली. साठ.
दोन वर्षांचं चौदा महिन्यांत.
चष्मा कपाळावर सारत म्हणाल्या,
एवढी कसली घाई आहे गं तुला?

मी म्हटलं, विद्यापीठात लवकर जायचंय.
खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

खरं बाहेर पार्किंगमध्ये उन्हात तापत होतं:
करडी गाडी, उजवा आरसा टेपने बांधलेला,
माडेरातल्या आमच्या घरची एकुलती एक.
आईची पाळी पहाटे चारला, पिस्त्याच्या कारखान्यात.
आणि पुढच्या ऑगस्टात सित्लाली येणार याच कॉलेजात,
माझ्याहून वर्षानं लहान, बोटभर हुशार
(ते बोट मीच कधीतरी मोजलेलं, कुणाला न सांगता).
तिघींचं वेळापत्रक एका गाडीत मावेना.
कुणीतरी उठून जागा द्यायला हवी होती.

मग मी उरकत गेले.
इतिहास उरकला कारखान्याच्या गेटपाशी,
मांडीवर रोमन साम्राज्य, टायरपाशी टरफलं,
भोंगा झाला की सम्राट मिटून ठेवायचा.
संख्याशास्त्र लाँड्रीत उरकलं,
मशिनच्या शेवटच्या आठ मिनिटांत एकेक उदाहरण.
एका निबंधाच्या कडेला क्वान बाईंनी
पेन्सिलीने लिहिलं होतं, इथे थांबायला हवं होतंस.
गुण वाईट नव्हते. मी पान उलटलं.
कुणी विचारलं काय शिकलीस
की मी सांगायची, किती झालं.

मार्चमध्ये एक युनिट निसटलं.
भूगर्भशास्त्राचा प्रयोगवर्ग विद्यापीठाने धरला नाही,
वर्षभर गोळा केलेल्या खड्यांतला एक
कुणीतरी उचलून फेकून द्यावा तसा.
एवढ्या उशिरा जागा होती एकाच वर्गात:
पोहणे, प्राथमिक. सकाळी सहा.

उघडा तलाव, पाण्यावर वाफ,
काठावर टोलबर्ट सर, सत्तरीचे, गुडघ्याला पट्टा.
मी हातपाय मारले,
जसे सगळीकडे मारत आले होते,
आणि सरळ तळाशी.
वर काढून सर म्हणाले, आता काहीच करू नकोस.
म्हणजे काय करू?
ते हसले नाहीत. म्हणाले, कान बुडू देत.

तीन आठवडे लागले मला काहीच न करायला.
एका सकाळी कान बुडाले आणि
महामार्गाचा आवाज गेला, आकडे गेले,
वर फिकट चंद्र अजून निघून गेला नव्हता,
त्यालाही कुठे पोचायचं नसावं.
सरांनी शिट्टी वाजवली तेव्हा
मला आठवेना किती वेळ झाला.

सप्टेंबरात आम्ही उत्तरेला निघालो, अडीच तास,
मागच्या सीटवर भांडी, उशी, तांदळाची पिशवी.
मी चालवत होते. मोडेस्टोनंतर कुठेतरी
सित्लाली खिडकीकडे बघत म्हणाली,
मी थांबले असते एखादं वर्ष.
मग बराच वेळ नुसत्या बदामाच्या ओळी.
तू विचारलंच नाहीस, म्हणाली.

वसतिगृहासमोर खोकी उतरवली.
तिने मला मिठी मारली, हाडं लागतील अशी,
आणि माझ्या जागेवर जाऊन बसली.
आरशाला अजून जुन्या कॉलेजचा पार्किंगचा पास,
डिसेंबरपर्यंत चालणारा, आता तिच्या नावाचा.
तिचे पाय माझ्यापेक्षा लांब.
तिने सीटखाली हात घातला, दांडी ओढली,
सीट खडखडत मागे गेली
जेवढी मी कधीच नेली नव्हती.